बैलाला विसावा, कोयत्याला खाडा

(साखरपट्ट्यातील एका तालुक्याच्या गावी झालेल्या व्याख्यानमालेत ‘श्रम, शरीर आणि विसावा’ या विषयावर एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे हे संपादित शब्दांकन.)



संयोजकांनी हा विषय सुचवला तेव्हा मी आधी नकार दिला होता. शरीरशास्त्र हा माझा प्रांत नाही. मी कलाशाखेचा पदवीधर. तीस वर्षे बातमीदारी केली, त्यातली बरीचशी याच साखरपट्ट्यात. परंतु संयोजक म्हणाले, वैद्यकीय व्याख्यान गेल्या वर्षी झाले, यंदा तुम्ही पाहिलेले सांगा. तेव्हा मी जे पाहिले ते सांगणार आहे. आणि त्याचा अर्थ कळावा म्हणून जाणत्या डॉक्टरांसमोर बसून जे समजून घेतले, तेही आपल्यापुढे ठेवणार आहे.

प्रारंभ आपल्या परिचयाच्या एका प्रथेपासून करतो. मराठवाडा-विदर्भात पोळा आणि दक्षिण महाराष्ट्रात बेंदूर हा बैलांचा सण. सणाच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले बैलाचे खांदे गरम पाण्याने शेकायचे, त्यांना हळद आणि लोणी किंवा तूप चोळायचे, आणि सणाच्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचे नाही. ज्या शेतकऱ्याने ही प्रथा पिढ्यानपिढ्या पाळली, त्याने शरीरविज्ञानाचे पुस्तक उघडले नव्हते. पण ओझे वाहणाऱ्या खांद्याला भरून येण्यासाठी अवधी द्यावा लागतो, हे त्याला पक्के ठाऊक होते.

पुढे कायद्यानेही ही गोष्ट मान्य केली. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० मध्ये झाला आणि त्याखाली १९६५ मध्ये ओढकाम करणाऱ्या व ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी नियम केले गेले. त्यांनुसार बैलाकडून दिवसात एकूण ९ तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही. विश्रांती न देता त्याला सलग ५ तासांहून अधिक राबवता येत नाही. जेथे तापमान ३७ अंशांच्या वर जाते, तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात त्याला जुंपता येत नाही. हे नियम किती पाळले जातात हा निराळा प्रश्न. पण ते आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. हे तीन नियम कृपया लक्षात ठेवा. मी पुन्हा त्यांच्याकडे येणार आहे.

फडावरची पहाट

काही वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका पहाटे मी एका उसाच्या फडावर गेलो होतो. कोप्यांपुढे चुली पेटल्या होत्या. एक तिशीतला माणूस चुलीवरच्या कोमट पाण्यात उजवा हात बुडवून बसला होता. थोड्या वेळाने त्याने डाव्या हाताने उजव्या हाताची बोटे एकेक करून उलगडायला सुरुवात केली. आदल्या दिवशीची कोयत्यावरची मूठ रात्रभर तशीच मिटून राहिली होती. मी विचारले, “डॉक्टरांना दाखवलंत का?” तो म्हणाला, “दवाखान्यात जायचं म्हंजी खाडा पडतो, साहेब.” तोवर बोटे उलगडली होती. त्याने कोयता उचलला आणि तो फडात शिरला.

शहरातून आलेल्या मंडळींसाठी थोडे सांगतो. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव या भागांतून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उतरतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसाची मोजणीच अवजाराच्या नावाने होते! दसरा-दिवाळीच्या सुमारास ही जोडी मुकादमाकडून उचल घेते आणि हंगामभर टनावारी ती फेडत राहते. आजारपण, बाळंतपण, मयत, कारण कोणतेही असो, कामाला न जाण्याच्या दिवसाला ‘खाडा’ म्हणतात. त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर दंडाची रक्कम उचलीच्या खात्यावर चढते. म्हणजे येथे विसावा फुकट मिळत नाही, त्याचे पैसे मोजावे लागतात.

कामाचे मोजमापही ऐका. एक जोडी दिवसाकाठी दीड ते दोन टन ऊस तोडते. तो वाकून बुडख्याशी तोडायचा, वाढे छाटायचे, मोळ्या बांधायच्या आणि तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन, फळीवरून किंवा शिडीवरून चढून गाडीत टाकायची. दोन टन म्हणजे सुमारे पन्नास मोळ्या. हंगाम शंभर दिवसांचा धरला, तरी एका जोडीच्या हातांवरून आणि मानेवरून दोनशे टन ऊस जातो. गाडी मध्यरात्री आली, तर मध्यरात्री उठून ती भरायची. पहाटे पुन्हा फड आहेच.

हाड झिजते कसे, भरते कसे?

त्या माणसाच्या बोटांनी मला डॉक्टरांच्या दारी नेले. माझा समज असा होता की, कष्टाने शरीर झिजते आणि विश्रांतीने झीज थांबते. डॉक्टरांनी तो दुरुस्त केला. ते म्हणाले, कष्टाने शरीर झिजते हे अर्धे सत्य आहे. कष्टानेच शरीर बळकटही होते. मात्र बळकटी कष्टाच्या वेळी येत नाही. ती नंतरच्या निवांत तासांत येते.

यासाठी त्यांनी मला सैनिकांच्या पायांची गोष्ट सांगितली. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी शल्यचिकित्सकाने एक नोंद केली. लांबच्या कूच-कवायतीनंतर सैनिकांचे पाय सुजत, दुखत. पण घाव नाही, पडणे नाही, मार नाही. कारण उमगत नव्हते. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला, आणि १८९७ मध्ये त्या किरणांखाली दिसले की, पावलातल्या बारीक हाडांना भेग गेलेली आहे. एकाही पावलाचा भार हाड मोडण्याइतका नव्हता. तो भार हजारो वेळा पडला आणि दोन भारांच्या मध्ये पुरेसा अवकाश मिळाला नाही, म्हणून हाड मोडले.

हाड दगडासारखे निर्जीव नसते. त्यात सतत डागडुजी चालू असते. भार पडून सूक्ष्म इजा झाली की, एका प्रकारच्या पेशी आधी तो खराब भाग खरवडून काढतात. हे काम दोन-चार आठवड्यांत होते. मग दुसऱ्या प्रकारच्या पेशी तेथे नवे हाड रचतात, आणि त्याला तीन-चार महिने लागतात. घराची भिंत दुरुस्त करताना गवंडी आधी पोकळ भाग पाडतो, तसेच हे. पाडणे झाले आहे आणि बांधणे व्हायचे आहे, अशा वेळी त्याच भिंतीवर पुन्हा भार टाकला तर ती खचणारच. नव्या रंगरुटांना असा अस्थिभंग बहुधा प्रशिक्षणाच्या पहिल्या काही आठवड्यांतच का होतो, त्याचे उत्तर येथे आहे.

समोर क्रिकेट खेळणारी मुले बसली आहेत, त्यांना ही गोष्ट दुसऱ्या नावाने ठाऊक आहे. वेगवान गोलंदाजाच्या कमरेच्या मणक्याला होणारे स्ट्रेस फ्रॅक्चर. ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली १९७३ मध्ये याच दुखण्याने खेळाबाहेर गेला, आणि दीर्घ विश्रांती व व्यायाम यांनंतर १९७४-७५ च्या अ‍ॅशेस मालिकेत परतला. आपला जसप्रीत बुमराह २०२२ च्या सप्टेंबरनंतर पाठीच्या दुखण्याने थांबला, त्या वर्षीच्या टी-ट्वेंटी विश्वचषकाला मुकला, मार्च २०२३ मध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तो मैदानावर परतला. एका पाठीसाठी सारा देश अकरा महिने थांबला, आणि ते योग्यच झाले. माझे म्हणणे इतकेच की, फडात वाकलेल्या पाठीतले मणके निराळ्या मातीचे नसतात.

मूठ, मणका आणि मूत्रपिंड

आता त्या मिटलेल्या मुठीकडे येऊ. बोटे वाकवणाऱ्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, एका नळीसारख्या आवरणातून सरकतात. सारा दिवस घट्ट मूठ आवळली की ते आवरण सुजते, पुढे जाड होते आणि दोरी अडकू लागते. डॉक्टर सांगतात की, जोराच्या कामानंतर पहिले २४ ते ३६ तास कंडरेत झीज अधिक आणि भरणी कमी असते. त्यानंतर भरणीचे पारडे जड होते. ज्याची मूठ दर बारा तासांनी पुन्हा आवळली जाते, त्याच्या वाट्याला ते दुसरे पारडे येतच नाही. आधी बोट सकाळी आखडते, मग दिवसाही आखडते, आणि एके दिवशी उघडेनासे होते.

पाठीचेही तसेच. दोन मणक्यांमधल्या चकत्यांना मोठ्या वयात स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळपास नसतात. स्पंज दाबला की पाणी निघते आणि सोडला की शिरते, तसे त्यांचे पोषण चालते. दिवसभर उभे राहून, ओझी वाहून त्यांतले पाणी कमी होते. रात्री आडवे झाल्यावर ते पुन्हा भरते. म्हणूनच प्रत्येक माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा एखादा सेंटिमीटर उंच असतो. आडवे होण्याचे तास म्हणजे मणक्यांच्या जेवणाची वेळ. मध्यरात्री गाडीचा भोंगा वाजतो, तेव्हा ते जेवण अर्ध्यावर सुटते. गाढ झोपेच्या पहिल्या प्रहरात शरीर दुरुस्तीला मदत करणारी संप्रेरके सोडत असते. तीही झोपेबरोबर तुटते.

तिसरी गोष्ट मूत्रपिंडाची. तिच्यासाठी मी आपल्याला थोडे दूर, मध्य अमेरिकेत नेतो, कारण तेथेही ऊस आहे आणि तोही माणसेच तोडतात. निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांत ऊसतोड करणाऱ्या तरुणांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. मधुमेह नाही, रक्तदाबाचा जुना विकार नाही, वय तिशी-चाळिशीचे. २००२ मध्ये एल साल्वादोरच्या डॉक्टरांनी याकडे जगाचे लक्ष वेधले. संपूर्ण कारणाविषयी संशोधकांत अजून मतभेद आहेत. परंतु उन्हात अतिश्रम, घामाने आटलेले शरीर आणि विश्रांतीचा अभाव यांचा वाटा मोठा मानला जातो. घामाने रक्तातले पाणी घटले की मूत्रपिंडाला रक्त कमी मिळते आणि त्याला लहानशी इजा होते. एका दिवसाची इजा भरून निघते. तीच रोज, हंगामभर, वर्षानुवर्षे होत राहिली, तर तेथे व्रण उरतो आणि तो भरत नाही.

तेथल्या काही कारखान्यांनी तीन साधे उपाय केले. प्यायला पुरेसे पाणी, बसायला फिरती सावली, आणि ठरावीक वेळाने सक्तीची विश्रांती. विश्रांती वाढवली तेथे मूत्रपिंडाच्या इजेचे प्रमाण घटले. एल साल्वादोरमध्ये या उपायांबरोबर अधिक सोयीचे कोयतेही दिले गेले. तेथे तोडणी घटण्याऐवजी वाढली.

स्त्रीच्या शरीरावरचा दुहेरी भार

कोयत्यातली अर्धी जोडी स्त्री आहे. पुरुष गाडी भरून बसतो, तेव्हा ती पाणी भरते, सरपण आणते, स्वयंपाक करते आणि पहाटे सगळ्यांत आधी उठते. पाळीच्या दिवसांत फडावर ना आडोसा, ना पाणी. त्यातून जंतुसंसर्ग होतो, अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते. आणि खाड्याच्या भीतीने दुखणे अंगावर काढले जाते. शेवटी ती डॉक्टरांकडे जाते, तेव्हा तिला ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळतो.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अनेकींचे वय चाळिशीच्या आतले होते. त्यातही गर्भाशयाबरोबर अंडाशय काढले गेले, तर हाडांना बळ देणारे संप्रेरक अकाली आटते. हाड पाडणाऱ्या पेशींचे काम चालू राहते आणि बांधणाऱ्या मागे पडतात. मघाशी सांगितलेली भिंत आठवा. ती पडकी झालेली असताना ही भगिनी पुढच्या हंगामात पुन्हा मोळी उचलते.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. बीडची ही बातमी येण्यापूर्वी कितीतरी वर्षे मी गाळप हंगामाच्या बातम्या देत होतो. किती लाख टन गाळप, किती उतारा, कोणत्या कारखान्याने आघाडी घेतली, सारे आकडे मला तोंडपाठ असत. ज्या मानांवरून तो ऊस गेला, त्यांचा उल्लेख माझ्या एकाही बातमीत नव्हता. कोप्या मी पाहत होतो. मात्र तेथे जे दिसे, ते मला बातमी वाटत नव्हते.

अर्धे बळ आणि पूर्ण उचल

आपल्या प्राचीन वैद्यकाने या विषयाचा खोल विचार केलेला आहे. सुश्रुत आणि वाग्भट या दोघांनीही व्यायाम अर्ध्या बळानेच करावा, असे सांगितले आहे. चरकाने अतिव्यायामापासून होणाऱ्या विकारांची यादी दिली आहे, आणि आहार व ब्रह्मचर्य यांच्या बरोबरीने निद्रेला शरीराचा आधारस्तंभ मानले आहे. अतिश्रम, जागरण आणि अति चालणे यांच्या आहारी जाणाऱ्याला वाग्भटाने हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. पराक्रम मोठा, पण शेवट नाशात. १९३६ मध्ये हान्स सेल्ये या संशोधकाने ताणाचा सिद्धान्त मांडला, त्यातही हेच सूत्र आहे. शरीर आधी सावध होते, मग झुंजते, आणि ताण हटलाच नाही तर थकून कोसळते.

या वारशाचा आपल्याला अभिमान वाटतो आणि वाटावा. पण अर्ध्या बळाने थांबावे, हा उपदेश कोणाला करता येतो? ज्याच्या थांबण्याला दंड नाही, त्यालाच. उचल पूर्ण घेतलेल्या माणसाला अर्ध्या बळावर थांबता येत नाही. तो मुकादमाची उचल फेडण्यासाठी स्वतःच्या शरीराकडून दुसरी उचल घेतो. पहिलीचा हिशेब वहीत असतो. दुसरीचा हिशेब पंचेचाळिशीच्या सुमाराला होतो, तेव्हा मूठ उघडत नाही, पाठ सरळ होत नाही आणि मुकादमही त्याला उचल देत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, तोडलेला ऊस थांबत नाही. तो वाळला की वजन आणि साखर दोन्ही घटतात, म्हणून तोडणीला सुट्टी शक्य नाही. हे पूर्ण खरे मानले, तरी याच कारखान्याच्या आत काय घडते ते पाहा. गाळप चोवीस तास चालते, पण कामगार पाळ्यांत येतात आणि त्यांना साप्ताहिक सुट्टी असते. यंत्र थांबत नाही, माणसे आळीपाळीने थांबतात. सात टोळ्यांपैकी रोज एका टोळीला विसावा द्यायचा, इतकेच गणित फडावर मांडायचे आहे. शिवाय ते यंत्र तरी कोठे बारमाही चालते? हंगाम संपला की कारखान्याचे ओव्हरहॉलिंग सुरू होते. रोलर काढतात, झिजलेले खाचे पुन्हा कापतात, बेअरिंगे तपासतात. विसाव्यावाचून लोखंड टिकत नाही, हे आपल्या संचालक मंडळांना मान्य आहे.

दुसरा आक्षेप असा की, आता तोडणी यंत्रे आली, हा प्रश्न आपोआप सुटेल. यंत्रे येत आहेत हे खरे. पण आज जे हात फडात आहेत, त्यांची झीज उद्याच्या यंत्राने भरून निघणार नाही.

आणि असे बदल होऊ शकतात, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी आणि हमाल कामगारांसाठी कायदा केला. एके काळी पाठीवर येणारे १०० किलोंचे पोते ५० किलोंवर आले. तेव्हाही व्यापार बुडेल असे म्हणणारे होते. व्यापार बुडाला नाही.

तेव्हा मागणे मोठे नाही. आजाराच्या दिवसाचा खाडा बंद व्हावा. प्रत्येक टोळीला आठवड्यातून एक भरपगारी दिवस मिळावा. रात्री दहा ते पहाटे चार गाडी भरायला लावू नये. फडावर पाणी, सावली आणि स्त्रियांसाठी आडोसा असावा. हंगामाच्या आधी आणि नंतर प्रत्येकाची रक्तदाब, रक्त आणि मूत्रपिंडाची तपासणी व्हावी. कोणत्याही भगिनीचे गर्भाशय काढण्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतले जावे. या सभागृहात कारखान्यांचे सभासद आहेत, डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत. ज्यांच्या शेतातला ऊस तोडला जातो, ते तर बहुसंख्य आहेत. यांतल्या निम्म्या गोष्टींसाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या बांधावर पाण्याचा पिंप आणि ताडपत्रीची सावली आपण उद्या सकाळी उभी करू शकतो. कारखान्याच्या वार्षिक सभेत खाड्याचा प्रश्न विचारायला एका सभासदाचा हात पुरेसा आहे.

प्रारंभी सांगितलेले तीन नियम आता पुन्हा आठवा. दिवसाला ९ तास, सलग ५ तासांनंतर विसावा, ३७ अंशांवर दुपारची सुट्टी. फडातून ऊस ओढणाऱ्या बैलाला हे तिन्ही लागू आहेत. त्याच गाडीत मोळी टाकणाऱ्या बाईला फडावर यांतला एकही मिळत नाही. बैलाच्या वाट्याचे काही कमी करावे, असे मी म्हणत नाही. जी करुणा आपण त्याच्या खांद्याला दाखवली, ती त्याच्या शेजारी चालणाऱ्या माणसाच्या खांद्यापर्यंत पोहोचावी, एवढेच मागतो.

पुढच्या बेंदराला आपल्या अंगणात खांदेमळणी होईल, तेव्हा हळद-लोणी हाताला लागलेले असताना त्या कोमट पाण्यातल्या मुठीची एकदा आठवण करा.